शेऱ्याचा रकाना

गोणपाट अंथरतो, कोपरं टेकवतो,
आणि पुढची वीस मिनिटं
मी गवताच्या उंचीचा.

घणसोली. भूखंड क्रमांक सत्तेचाळीस.
एका अंगाला पत्र्याचं कुंपण,
दुसरीकडे घरकर्जाची जाहिरात, उन्हाने विटलेली,
तिच्यातलं हसरं जोडपं आता निळसर दिसतं.
मध्ये एकदांडी.
पांढऱ्या पाच पाकळ्या, प्रत्येकीला तीन दात,
जणू कुणी घाईत कातरल्या
आणि हिशेब विसरून गेलं.

सावली आपल्या आधी पोहोचते,
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.
पायरव चालतो, खोकलासुद्धा चालतो,
सावली अंगावर पडली की फुलपाखरू उठतं.
म्हणून सूर्याकडे तोंड करून सरपटायचं,
एकसष्टाव्या वर्षी, मोज्यांत कुसळं भरून.
वॉचमन रामदुलार आता काही विचारत नाही.
फाटक उघडतो, आणि दुसरीकडे बघतो.

भाद्रपदात एक बिबळ्या कडवा टिपला.
नारिंगी, काठाला काळं, काळ्यात पांढरे ठिपके.
रुईचा चीक पिऊन वाढलेला,
पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत,
आणि ते ठाऊक असल्यासारखा सावकाश उडतो.
घरी मोठा करून पाहिला:
मागच्या पंखावर काळा ठिपका एकच.
हवेत तीन, नाहीतर चार.
कडवा नव्हताच तो.
छोट्या चांदव्याची मादी,
कडव्याचं लुगडं नेसून हिंडणारी,
अंगात थेंबभर विष नसलेली.

आठ दिवस तिला हसलो.
मग आठवलं,
डोक्यावर खात्याची टोपी, काखेत नकाशाची नळी,
मी बांधावरून चाललो की माणसं बाजूला व्हायची.
मी काही चावणारा नव्हतो.

हा तुकडा मीच मोजलाय.
सत्त्याऐंशी साली, साखळी टाकून,
लाल-पांढऱ्या काठ्या रोवून.
शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात आहे:
रिकामा.

बामीबाई भोईर येते, ओच्यात घोळ खुडत.
ती भूखंड म्हणत नाही, बोरीवाला म्हणते.
बोर कुठंय विचारलं
तर कुंपणाच्या पत्र्याकडे बोट करते.
"काय गावतं रं तुला या गवतान?"
मी पडदा दाखवतो. ती कॅमेरा हातभर लांब धरते,
डोळे बारीक करते.
"ही? हिचींच पोरां माजी घोल खातान."
मी पुस्तकात वाचलं होतं ते.
तिने भाजी निवडताना.

साखळी कुणाच्या भातावरून गेली होती,
हे तिने मला कधी विचारलं नाही.
मीही सांगितलेलं नाही.
दोघं आपापलं वेचतो.
हल्ली ती खुडण्याआधी पान उलटं करून बघते
आणि एखादी फांदी तशीच सोडते.
अळ्या नकोत भाजीत, म्हणून असेल.

आज एकशे अडतीस फोटो.
बहुतेक पुसले: वारा, माझा श्वास,
पाठमोरे पंख, नुसतं हिरवं.
एक ठेवला. त्यात फुलपाखरू नाहीच.
ते उठून गेल्यावर
हललेली एकदांडी, जराशी धूसर,
पाठवणीनंतर दारात उभं राहिल्यासारखी.

परवा नवीन पोरं आली. साखळी नाही,
तिपाईवर यंत्र, डोळ्याला गॉगल.
फक्कीच्या रेघा मारून गेली.
एक रेघ थेट एकदांडीवरून,
पांढऱ्यावर पांढरं.
मी गोणपाट अंथरलं, सूर्याकडे तोंड केलं.
नील भिरभिरी आली, फक्की लागलेल्या फुलावर बसली,
सोंड उलगडली, थांबली,
आणि रेघ ओलांडून पलीकडच्या फुलावर गेली.
माझा फोकस अजून अलीकडेच होता.